जहाज वळलंच नव्हतं

तो दुकानात शिरला तेव्हा बाहेर अवकाळी पाऊस भुरभुरत होता. पण त्याच्या हातातली वस्तू काही पावसाने भिजलेली नव्हती. ती त्याहून कितीतरी चांगली, साबण लावून, भिजवलेली होती.

"याला वाचवता येईल का?" त्याने टॉवेलची घडी हळूच उलगडली, जणू आत कुणाचं तान्हं बाळ निजलं होतं.

तिने शिवत असलेल्या पुस्तकात सुई टोचून ठेवली आणि वाकून पाहिलं. फुगलेला पुठ्ठा, सुटलेली शिवण... आणि पानं मात्र सरळ. अगदी कडक, गुळगुळीत सरळ!

"पुस्तक धुतलंत तुम्ही?"

"मुद्दाम नाही हो. कोपऱ्यावरची नवी लॉन्ड्री माझी. पोस्टमास्तरांचा कोट आला होता, त्याच्या आतल्या खिशात हे. मशीन थांबलं तेव्हा कळलं."

"आणि पानं इतकी सरळ कशी?"

"इस्त्री केली." तो जरा ओशाळून म्हणाला, "एकेक पान, मधे सुती कापड घालून."

ती बाइंडर होती. बापाकडून शिकलेलं काम आणि बापाचंच दुकान. आवाज न करता दिवसभर काम करत राहायची म्हणून घरीदारी तिला सगळे मुंगी म्हणत. फाटकी, वाळवी लागलेली, उंदरांनी कुरतडलेली पुस्तकं तिने पाहिली होती. इस्त्री केलेलं पुस्तक मात्र जन्मात पहिल्यांदाच पाहत होती. तिला हसू आलं, आणि ते लपवायला तिने मान आणखी खाली घातली.

"हसताय तुम्ही."

"छे."

"खांदे हलतायत."

मग मात्र ती मोकळी हसली. तोही हसला. हसताना त्याचे डोळे अगोदर हसत आणि ओठ मागून येत, हे तिने पाहिलं आणि लगेच नजर पुस्तकाकडे वळवली.

"इस्त्री करता करता वाचलंसुद्धा मी," तो म्हणाला. "पण शेवटच्या पानांचा लगदा झाला हो. काय होतं शेवटी?"

"मी हे वाचलेलं नाही. दुसरी प्रतही नाही वाचनालयात."

"मग मलाच काहीतरी ठरवावं लागणार!"

मागच्या खोलीत आत्या पुस्तकांना लावायची खळ शिजवत होती. तिचा वास आला तसा तो थबकला. "खळ? तुमच्याकडेही?"

"तुमची कपड्यांना, आमची कागदांना."

"म्हणजे आपण नात्यातलेच की," तो म्हणाला, आणि आतून आत्या एवढ्या जोरात खोकली की खळीला उकळी आली असेल!

त्याच दिवशी तिने त्याला वाचनमंडळात बोलावलं. नवं वर्ष नुकतंच लागलं होतं आणि मंडळाचा नवा नेम सुरू होत होता. वर्षभर, दर आठवड्याला एक पुस्तक. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. रविवारी सकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमायचं आणि आपण वाचलेलं इतरांना सांगायचं. बाकीच्यांना ती गंमत होती. तिला नाही. एकदा मनाशी धरलं की तिच्यासाठी तो नेम होता, आणि नेम तिने आजवर मोडला नव्हता. पहाट झाली की तोंड धुऊन, हात जोडून, आधी वाचन, मग चहा. अंगात ताप असो, घरी पाहुणे असोत, आत्या कितीही कुरकुरो.

"मी पडलो धोबी," तो म्हणाला. "जमेल मला?"

"इस्त्री करताना जमलं ना?"

पहिल्याच रविवारी त्याने मैफल मारली. तेच धुतलेलं पुस्तक त्याने असं काही सांगितलं, की दाताच्या डॉक्टरीणबाई पर्समधला वाजणारा फोन विसरल्या. आणि शेवट! दुरावलेले दोघं भाऊ एकमेकांना कसे भेटले ते त्याने सांगितलं, तेव्हा पोस्टमास्तरांनी चष्मा काढून पुसला.

"तो लगदा झाला नसता तर मीही वाचला असता हा शेवट," मास्तर म्हणाले. "चालेल. कोट धुतल्याचं माफ!"

मग ते ठरूनच गेलं. रविवारी मंडळ सुटलं की दोघं कोपऱ्यापर्यंत बरोबर चालायची. कोपरा तसा जवळच होता. पण ती दोघं निघाली की तो लांब लांब जायचा. कधी त्याच्या छत्रीची काडी मोडलेली असे, कधी तिच्या चपलेचा पट्टा तुटे.

"तुमचे हात नेहमी गरम असतात," एकदा पुस्तक देताना ती बोलून गेली, आणि गाल तापले.

"वाफेत काम. तुमचे थंड असतात."

"कागदात काम."

"म्हणजे हिवाळ्यात माझा उपयोग होईल."

"आणि उन्हाळ्यात?"

"तेव्हा तुमचा!"

ती पुढे बघत चालत राहिली. पण त्या दिवशी एका पुस्तकाचा पुठ्ठा तिने उलटा चिकटवला, आणि आत्याला आयतंच सापडलं. "काय गं मुंगे, हल्ली कपडे फार मळतात तुझे? चांगली धुतलेली चादर परत लॉन्ड्रीत पाठवलीस काल."

"डाग होता."

"होता बाई, होता. मला तो तुझ्या गालावर दिसतोय."

त्या वर्षात त्याने सांगितलेल्या कथांमधली तिची सर्वांत आवडती म्हणजे शिडं शिवणारीची. बंदरावर शिडं शिवणारी एक बाई. तिचं मन बसतं जहाजावरच्या एका आचाऱ्यावर. जहाज सुटतं, ती धक्क्यावर उभी... आणि मग जहाज वळतं! भर समुद्रातून परत फिरतं, कारण आचारी कप्तानाला म्हणतो, मी काहीतरी विसरलोय. सांगताना त्याने सगळ्यांकडे पाहिलं, पण 'विसरलोय' म्हणताना तिच्याकडे. पुढचे कितीतरी दिवस सुई ओवताना तिला ते वळणारं जहाज दिसत राहिलं.

वर्ष सरत आलं तेव्हा कोपऱ्यावर थांबून तो म्हणाला, "शेवटच्या रविवारी मी तुम्हाला एक प्रश्न विचारणार आहे."

"आत्ताच विचारा ना."

"अंहं. आधी नेम पुरा होऊ दे. अर्धवट माणसाला कोण हो म्हणेल?"

"अच्छा... हो म्हणायचा प्रश्न आहे तर!"

तो असा गोंधळला, की हातातली छत्री तशीच मिटून अवकाळी पावसात चालू लागला. ती दुकानाच्या दारात उभी राहून पाहत राहिली. तिचं उत्तर तयार होतं. कधीचंच.

आणि शेवटच्या रविवारच्या आधी, वाचनालयातून बांधणीला आलेल्या गठ्ठ्यात, शिडं शिवणारीचं पुस्तक निघालं.

जुनं पुस्तक उसवण्याआधी ते पुरं आहे ना, हे पाहायची तिची रीत होती. पानं क्रमाने उलटायची, आणि शेवटचं पान नीट वाचायचं; मधेच तुटलेलं वाक्य दिसलं तर पुढचं पान हरवलं असं समजायचं. तिने शेवटचं पान काढलं, ओळखीच्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं... आणि पुन्हा वाचलं.

जहाज दिसेनासं झालं होतं. बाईने सुई उचलली होती आणि पुढचं शीड मांडीवर घेतलं होतं. वाक्य पुरं होतं. खाली 'समाप्त'.

जहाज वळलंच नव्हतं.

ती उठली, वाचनालयात गेली. त्याने सांगितलेली आणखी काही पुस्तकं तिने उभ्याउभ्याच कपाटातून काढली. एकात आई बरी होत नव्हती. एकात मित्र स्टेशनवर आलाच नव्हता. त्याच्या तोंडून मात्र सगळी बरी झाली होती, सगळी वेळेवर पोचली होती.

ती रडली नाही. पुस्तकं एकेक करून कपाटात परत ठेवली. ज्याला सगळंच गोड करून सांगायची सवय, तो स्वतःचा प्रश्न विचारताना काय काय गोड करील? हिवाळा, उन्हाळा, गरम हात... यातलं खरं किती आणि त्याने मनाने रचलेलं किती? तयार असलेलं उत्तर तिने मनातल्या मनात परत आत ठेवलं. जन्माची गोष्ट होती. हो म्हणायचं तर खऱ्याला म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी पहाटेचं वाचन आटोपून ती सरळ लॉन्ड्रीत गेली. दार उघडताच वाफेचा उबदार लोट अंगावर आला. तो चादरींच्या भिंतीमागून बाहेर आला, तिला पाहून उजळला, आणि तिच्या हातातलं पुस्तक पाहून विझला.

"शेवटचं पान वाचलं होतंत?" तिने विचारलं. आवाज नेहमीसारखाच हळू होता. म्हणूनच तो जास्त घाबरला.

"वाचलं होतं. सगळी पुस्तकं शेवटपर्यंत वाचलीत मी. नेम नाही मोडला, शपथ."

"मग?"

"पहिल्या पुस्तकाला शेवट नव्हताच, म्हणून बनवला. तेव्हा तुम्ही... खुर्चीत जराशा पुढे सरकलात आणि हसलात. पुढच्या पुस्तकात ती म्हातारी जाते हो. तुमच्यासमोर कशी मारू तिला? एकदा वाचवली, मग सगळ्यांनाच वाचवत गेलो."

तिला हसू येत होतं. तिने ते येऊ दिलं नाही.

"मी फाटकी पुस्तकं बांधते," ती म्हणाली. "एखादं पान नसलं तर तिथे कोरं पान घालते. दुसरं कुठलंतरी आणून चिकटवत नाही. वाचणाऱ्याला कळायला हवं ना, की इथे पान नाहीय."

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून—"

"वाटलं असतं. रडले असते मी त्या बाईसाठी. ते रडू माझं होतं. तुम्ही ते मला न विचारता परस्पर धुऊन टाकलंत."

त्याने तिच्या हातातलं पुस्तक घेतलं आणि शेवटचं पान उघडलं.

"रविवारी सगळ्यांना सांगा. जसं आहे तसं."

"आणि... माझा प्रश्न?"

"तो त्यानंतर."

"उत्तर काय येईल?"

"तेही त्यानंतर," ती म्हणाली आणि बाहेर पडली. पाठ वळल्यावर मात्र तिने डोळे घट्ट मिटून देवाचं नाव घेतलं. याला धीर दे... आणि नसेल जमणार, तर मला दे.

शेवटच्या रविवारी वरची खोली भरली होती. सगळ्यांचा नेम पुरा झाला होता. डॉक्टरीणबाई तर नवी साडी नेसून आल्या होत्या. तो उभा राहिला. एरवी सांगताना त्याचे हात हवेत असत. आज ते मागे होते.

"आज मी जुनीच कथा परत सांगणार आहे," तो म्हणाला. "कारण मागे खोटी सांगितली होती."

आणि त्याने सांगितली. शिडं शिवणारी, आचारी, धक्का. कुठे थांबला नाही, कुठे सजवलं नाही. शेवटपर्यंत तसाच गेला. "...जहाज दिसेनासं झालं. तिने सुई उचलली. बस्स. एवढंच आहे."

तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं आणि तिने ते पुसलं नाही.

"अहो, पण मी आमच्या ह्यांना जहाज परत आलं म्हणून सांगितलं!" डॉक्टरीणबाई कळवळल्या. "महिनाभर खूश होते ते!"

"आणि माझे ते दोघे भाऊ?" मास्तर खुर्चीतून अर्धे उठले.

"त्यांचं खरंच ठाऊक नाही मास्तर. ते तुमच्या खिशात धुतले गेले."

"आणि बाकीचे? वर्षभर टोप्या घातल्यात आम्हाला! शिक्षा म्हणून पुढल्या सबंध वर्षात एकेक करून खरे शेवट सांगायचे. पळून जायचं नाही."

"नाही जाणार," तो म्हणाला आणि तिच्याकडे वळला. भर खोलीत, सगळ्यांदेखत. "आता प्रश्न. यात काही घातलेलं नाही, काही काढलेलं नाही. माझ्या हातांना सदा साबणाचा वास येतो. माझी आई प्रेमळ आहे, पण दिवसातून दोनदा रुसते. मी घाबरलो की गोड बोलतो; परवा कळलं मला ते. पुढे काय होईल, ठाऊक नाही. एवढं सगळं धरून... माझ्याशी लग्न कराल?"

डॉक्टरीणबाईंनी तोंडावर पदर दाबला.

ती उठली. सगळं आयुष्य हळू बोलण्यात गेलं होतं. आजही ती हळूच बोलली, पण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "माझंही ऐकून घ्या मग. मी हट्टी आहे. पहाटे वाचायला बसले की कुणी हाक मारलेली खपत नाही. रागावले की भांडत नाही, गप्प बसते. ते भांडणापेक्षा वाईट, आत्याला विचारा." ती थांबली. त्याचे डोळे अजून हसले नव्हते. ते नुसते वाट पाहत होते, आणि तिला ते तसेच फार आवडले. "हो. करीन."

मग एकच गलका झाला. मास्तरांनी टाळ्या सुरू केल्या आणि थांबवायचं विसरले.

उतरताना जिना अरुंद, म्हणून दोघं मागेपुढे चालली होती. तो वळून वळून तिच्याकडे पाहत होता. आता कुठे त्याचे डोळे हसले, आणि मागोमाग ओठही.

"मग काय झालं सांगू?" तो सुरूच झाला. "मग त्या दोघांनी एक छोटंसं घर घेतलं, खिडकीशी दोन खुर्च्या मांडल्या, आणि रोज संध्याकाळी—"

तिने वरच्या पायरीवरून आपला थंड हात त्याच्या ओठांवर ठेवला.

"थांब. अजून घडलेलं नाही ते. घडू दे... मग सांग."

तो खिळल्यासारखा उभा राहिला. "तू मला... 'थांब' म्हणालीस?"

"हो, आणि आता 'चल' म्हणतेय. जिना अडवलायस. मागे मास्तर अडकलेत."