तिरल्याच्या माळावरची सळई

"खोटं वाटलं तर उठून जा, अंकुर," दिवे गेलेल्या गच्चीवर रत्नाकरकाका म्हणाले. "जयसिंगराव आमच्या देवासला कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. त्यांच्याच तोंडून ऐकलंय."

सोळा नोव्हेंबर अठ्ठ्याण्णव, सोमवार. जयसिंगराव ड्रायव्हर मारुतीला घेऊन जीपने धारजवळ, तिरल्याच्या माळावर गेले. काम साधंच. मोठी उल्का जळताना उजेडासोबतच सूं आवाज येतो, रेडिओ खरखरतो, असं खेड्यापाड्यांतले लोक सांगत. आवाज तर मिनिटांनी पोचायला हवा! मग उल्केतून विजेच्या लहरी निघतात की काय? अकरा वर्षं जयसिंगराव हे विचारत होते आणि अकरा वर्षं कॉलेज हसत होतं. आज उल्का पडणार होत्या. पुरावा टेपवर हवा होता.

लहरी पकडायला लांब तार ताणली, तिला टेपरेकॉर्डर जोडला, जयसिंगरावांनी हेडफोन चढवले. अर्थिंगच्या सळईला ओली जमीन लागते, आणि माळ ठणठणीत. ओल एकाच जागी, एका उभ्या कोरीव दगडापाशी. तिथे लोक नारळ फोडत, दारूची धार सोडत.

"भिया, वहाँ मत ठोको!" त्या दगडाची राखण करणारी जमुनाबाई धावत आली. "एक आदमी को सगे भाइयों ने कुल्हाड़ी से काटा था यहाँ. उसी का पत्थर है."

"बाई, लोखंडाला काय कळतं?"

शिकलेल्या पुरुषाला बाईमाणसाचं ऐकायची सवयच नसते. सळई ठोकली. ती हलली की खरखर येई, म्हणून मारुती ती धरून बसला.

पहाटे तीन वाजून बारा मिनिटं. आभाळ हिरवं झालं. माळावर सावल्या पडल्या. हेडफोनमध्ये... सूं. उजेडासोबतच! जयसिंगराव आनंदानं ओरडणार, तोच...

खच्च.

मारुती पुढे कोसळला. मूठ सळईवरच. सुटेना.

"साहेब, उपटा!"

उपटली की रेकॉर्डिंग तुटणार. उल्का अजून जळत होती. थोडंच...

खच्च. हेडफोनमध्ये माणसं धापा टाकत होती. दोघं... तिघं...

खच्च. रक्त उडालं. जयसिंगरावांच्या तोंडावर. गरम.

"सा..."

खच्च.

तेव्हा कुठे त्यांनी सळई उपटली.



"मेला?" गच्चीवर अंकुरशेजारी बसलेल्या रुचानं विचारलं.

"वाचला. शुद्धीवर आल्यावर एवढंच म्हणाला, 'पहिल्यालाच का नाही उपटलीत, साहेब?'... पाठीवर कुऱ्हाडीचे चार घाव होते, हाडापर्यंत. धारच्या डॉक्टरांनी सदरा कापायला कात्री उचलली... आणि हात तसाच राहिला. सदरा रक्तानं निथळत होता. पण कुठेच... कुठेच फाटलेला नव्हता."