वारा पडला, तरी जाई निघाली

सन २०६१. त्या दुपारी देवबागच्या किनाऱ्यावर वारा असा पडला, की माडाच्या झावळ्यासुद्धा जेमतेम हलत होत्या. आणि नेमकी तेव्हाच जाई तांडेलची परीक्षा! पतंगाच्या ओढीने फळीवरून जायचं, समुद्रात तरंगणाऱ्या लाल बोयाला वळसा घालून परतायचं. जमलं, की बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या पतंग-पथकात जागा. मुलगे आदल्याच दिवशी सोसाट्याच्या वाऱ्यात पास होऊन बसले होते.

"पुढच्या वर्षी बघू गो," पथकाचे प्रमुख बाबल सर म्हणाले.

"माणसं काय वारा बघून बुडतात, सर?" असं म्हणून जाईने सरळ सर्वांत मोठा, पंधरा चौरस मीटरचा पतंग उचलला.

"ठेव तो! नव्वद किलोच्या माणसाचा आहे. तू चौतीस किलोची. तुका झेपाचो नाय!"

पथकाची रीतच तशी. काट्यावर उभं करायचं आणि वजन बघून पतंग द्यायचा. वीस वर्षांत वाऱ्याचा वेग कोणी विचारलाच नव्हता, कारण वारा पडला की सगळे घरी जाऊन ताणून देत.

जाईचं डोकं सणकलं. ती किनाऱ्यावरच्या सुकाणू नावाच्या यंत्रमानवाकडे वळली. "माझा नेहमीचा सात चौरस मीटरचा पतंग आज मला ओढेल?"

"नाही," सुकाणू म्हणाला. "वारा नेहमीच्या निम्मा आहे. मग ओढ किती?"

"निम्मी."

"चूक! वारा निम्मा, म्हणजे दर सेकंदाला पतंगावर धडकणारी हवा निम्मी. शिवाय ती धडकतेही निम्म्या वेगाने. निम्म्याचं निम्मं म्हणजे पाव! म्हणून पतंगाचं क्षेत्रफळ (कापडाचा पसारा) चौपट हवं."

"सात चोक अठ्ठावीस! हा तर पंधराचाच."

"वारा पडलेला असताना सायकल जोरात हाणलीस, तर तोंडावर काय येतं?"

"वारा!" जाईचे डोळे चमकले. "म्हणजे पतंग सारखा पळवत ठेवायचा?"

"शाबास! त्याला सापेक्ष वारा (आपण हलल्यामुळे लागणारा वारा) म्हणतात. आणि रुंद फळी घे, ती कमी ओढीतही तरंगते."

"अरे, पण अचानक झोत आला तर?" सर कळवळून म्हणाले. "उडून जाईल पोर!"

"हा खटका ओढला की पतंग मलूल होतो," जाई म्हणाली. "सुकाणू होडीतून मागे येईल. मी निघाले."

पतंग वर गेला खरा, पण दोऱ्या सैलच. जाई कमरेपर्यंत पाण्यात. किनाऱ्यावर मुलगे खिदळले. तिला रडूच येत होतं, पण रडायला वेळ कुणाला होता! तिने पतंग आकाशात इंग्रजी आठच्या आकड्यासारखा गरागरा फिरवायला घेतला. एकदा, दोनदा, आणि फळी सुर्रकन पाण्यावर आली!

बोयापाशी वळताना पतंग पुन्हा खाली लोंबला. जाईने दात-ओठ खाऊन तो परत पळवला. दंड भरून आले, तळहात सोलवटले. थांबली असती, तर संपलंच होतं. ती थांबली नाही.

फळी वाळूला लागली, तेव्हा मुलग्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती.

सर धावत आले. "जाई, घेतलं तुला पथकात!"

"तुम्ही घेतलं नाही, सर. मी आले," जाई धापा टाकत म्हणाली. "आणि उद्या वारा आणखी कमी आहे म्हणे. मी वाडीतल्या धाकट्या मुलींना हे शिकवायला घेऊन येते."