आधीच मिटलेली बोटं

बेशुद्ध माणूस म्हणजे दिवे गेलेलं घर. फ्यूज उडाला, तार तुटली की मीटरच बंद पडलं, हे एकेक करून तपासायचं; कपाळाला हात लावून बसायचं नाही. अतिदक्षता विभागात माझी निम्मी हयात यातच गेली. म्हणूनच त्या आजींपुढे हात टेकायची वेळ आली तेव्हा मला चक्क राग आला.

न्यूमोनिया बरा झाला होता. साखर, सोडियम, मूत्रपिंडं, यकृत, सगळं ठीक. झोपेची औषधं कधीच बंद केली होती. स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही, मेंदूच्या आलेखात छुपे झटके नाहीत. तरी आजी डोळे उघडेनात.

रोज संध्याकाळी भेटीच्या वेळी त्यांची एकुलती एक मुलगी यायची. आईचा हात धरून तिचा एकच प्रश्न, "डॉक्टर, मी येते ते आईला कळतं का हो? तेवढंच सांगा."

एकदा मी आजींच्या नखावर पेन जोरात दाबून पाहिलं. हात ढिम्म.

"मॅडम," सिस्टर चाचरत म्हणाली, "तुम्ही आत यायच्या आधीच त्यांनी हात झटकला. हाच."

"सिस्टर, आधी चहा पिऊन या. झोप झालेली दिसत नाही तुमची."

दुसऱ्या दिवशी मात्र मी स्वतः पाहिलं. दुपारी आजींची बोटं मिटली, कुणाचा तरी हात धरल्यासारखी. मग मान डावीकडे वळली. संध्याकाळी मुलगी आली, तिने हात धरला, डाव्या बाजूने वाकून कानात काहीतरी सांगितलं. तेव्हा आजी निपचित होत्या.

योगायोग, मी स्वतःला बजावलं. पण आधी हालचाल, मग तिचं कारण, यांतलं अंतर वाढतच गेलं. एका संध्याकाळी आजींनी खांदा आक्रसून घेतला. दुसऱ्या दिवशी, त्याच वेळी, मुलीच्या हातातलं गार पाणी नेमकं त्या खांद्यावर सांडलं.

आता पूर्ण एक दिवस.

हे निदान सांगणार कुणाला? लोकांनी मलाच खाटेवर निजवलं असतं. पण मुलीने पुन्हा तेच विचारलं, आणि मला राहवेना.

"कळतं," मी म्हणाले. "तुम्ही येता ते त्यांना कळतं."

ती रडत रडत हसली. "मग उद्या येतेच. आज निघते, पोरगी घरी एकटी आहे." आईच्या कपाळावरून हात फिरवून ती गेली.

माझं लक्ष आजींच्या बोटांवर होतं. मुलगी उद्या येऊन हात धरणार, तर बोटं आज याच वेळी मिटायला हवी होती.

मिटली नव्हती.

मी जिन्यापर्यंत धावले, हाका मारल्या. खाली रस्त्यावर ती गर्दीत दिसेनाशी झाली होती. फोन लावला. उचलेना.

परत आले तर सिस्टर खाटेपासून लांब उभी होती, चेहरा पांढराफटक.

आजींचा हात खाटेच्या कडेबाहेर आला होता. तळवा हवेत सावकाश फिरत होता, लहान मुलाच्या डोक्याइतक्या उंचीवर.

लहान मुलांना आम्ही इथे आत सोडत नाही. घरी सांभाळायला कुणीच उरलं नसेल, तरच सोडतो.