तेजसने मागे वळून पाहिलं

पटलं नाही तर सोडून द्या. कोणाला पटवायची मला हौस नाही. पण हे माझ्यासोबत घडलंय... आणि भर दुपारी घडलंय.

सप्टेंबर २००४. माझा नवरा तेजस कंपनीच्या कामासाठी सहा महिने ग्रीसमध्ये होता. लग्नाला जेमतेम चार महिने झालेले. त्याने मला पुण्यातल्या धायरीहून बोलावून घेतलं.

"एका बेटावर नेतो तुला. शांत बीच आहे, तिन्ही बाजूंनी डोंगर. वारासुद्धा लागत नाही."

मी हरखून गेले. उशिरा का होईना, हनिमून.

तेजसचं हे दुसरं लग्न. पहिली बायको पूर्वा आजारपणात गेली. ते सगळं आता मागे पडलंय, असं त्यानेच मला सांगितलं होतं.

बीचवर चिटपाखरू नव्हतं. मी सोलापुरी चादर अंथरली, चिवडा काढला.

समोर लाटा येत होत्या...

पण आवाज नव्हता.

मग माझं लक्ष चादरीवर गेलं. आमच्या दोघांच्या मधे...

ओला डाग होता. कोणी ओल्या अंगाने बसून उठावं तसा.

आम्ही अजून पाण्यात उतरलोही नव्हतो.

तेजसने डाग पाहिला. दचकला नाही. खिशातून कॅमेऱ्याच्या रोलची डबी काढली.

"पूर्वाच्या अस्थी आहेत. तिला हा बीच बघायचा होता."

"आळंदीला विसर्जन केलं म्हणाला होतास."

"केलं. सगळ्या नाही."

"मग मला कशाला आणलंस?"

"एकट्याने जमलं नसतं गं."

माझ्या हनिमूनला सवतीचं क्रियाकर्म. इतका संताप झाला, पण गेलेल्या माणसाशी काय भांडणार?

गुडघाभर पाण्यात जाऊन त्याने डबी रिकामी केली. परत येऊन माझा हात धरला.

"चल. आता मागे बघायचं नाही."

ते मलाही ठाऊक होतं. अस्थी सोडल्यावर आपल्याकडे मागे वळून बघत नाहीत. बघितलं तर गेलेला जीव सोबत येतो म्हणतात.

आम्ही चालू लागलो.

मागे वाळूत पावलं वाजत होती... आम्ही थांबलो की तीही थांबायची.

मी रडत होते, पण मान वळवली नाही. एवढं पार पडलं की हा माझा, असं मनाला बजावत होते.

तेवढ्यात त्याचा हात सैल झाला.

तेजस मागे वळून बघत होता. चुकून नाही. नीट उभा राहून... हसत.

"ये पूर्वा," तो म्हणाला.

पुण्यात उतरले त्याच दिवशी मी मांजरी गावात माहेरी निघून आले. दिवाळीनंतर तेजस धायरीच्या फ्लॅटवर परतला. एकटाच, असं सगळे म्हणत होते.

मग एका सकाळी माझ्या मोबाइलवर फ्लॅटशेजारच्या सुशीलाबाईंचा फोन आला.

"अगं उत्कर्षा, परत आलीस ते कळवायची पद्धत असते. रोज गॅलरीत दोघं चहा पिता, मी हाक मारते, तर साधी ओळख दाखवत नाहीस. एवढी शिष्ट कधी झालीस?"

मी तेव्हा मांजरीतच होते. आजही इथेच आहे.

तिची भीती वाटते, खोटं कशाला सांगू... पण दगा तिने नाही दिला.