रंग उडालेल्या सहा बाटल्या

"तीन पिढ्यांची धुणी धुतली मी या गल्लीची, आणि ही महाराणी स्वतःचा शर्ट न्हाणीघरात कडी लावून धुते!"

थोरल्यांचा आवाज लाँड्रीच्या मागच्या दारातून पुढच्या काउंटरपर्यंत पोचला. काउंटरवर त्यांचा मधला मुलगा गिऱ्हाइकांचे खिसे रिकामे करत होता. वय पंचेचाळीस, तरी आईचा आवाज चढला की खांदे आपोआप आक्रसायचे.

"आणि वाळत कुठे घातलाय? गच्चीवर, टाकीच्या मागे. तोही उलटा!"

"आई, कॉलेजातली पोर आहे. असेल काहीतरी."

"काहीतरी म्हणजे? दोन दिवस जेवत नाही, बोलत नाही. विचारलं तर म्हणते अभ्यास आहे. बायोमेडिकल सायन्स शिकते म्हणे. माणसाच्या पेशी कपाटात वाढवते आणि घरातल्या माणसांकडे बघत नाही!"

मधल्यानं पुढचा खिसा उलटा केला. खिशातून निघालेली किल्ली, दोन नाणी आणि कुणाचं तरी फोटोचं कार्ड त्यानं नंबराची चिठ्ठी लावून पत्र्याच्या डब्यात टाकलं. हा थोरल्यांचा नियम. खिशातलं सगळं डब्यात, कपडा धुऊन इस्त्री झाला की ज्याचं त्याच्या खिशात परत. चाळीस वर्षांत एक टाचणीसुद्धा इकडची तिकडे झाली नव्हती.

घरच्या कपड्यांनाही नंबर होते. एखादा मोजा हरवला तरी चौकशी बसायची.

थोरल्यांनी तो गडद निळा शर्ट झटकला, सुलटा केला आणि बाहीकडे पाहिलं. मधल्याला वाटलं, आता अजून दहा मिनिटं. पण थोरल्यांनी ती बाही नुसती बोटांनी चाचपली. त्यांनी शर्टाची घडी घातली आणि तो आपल्या पिशवीत ठेवला.

नातीला दाखवून झाडायचं असेल, असं मधल्याला वाटलं.

तेवढ्यात दारात एक मुलगी आली. मधला तिला चेहऱ्यापेक्षा अॅप्रनवरून जास्त ओळखायचा. एकशे बारा नंबर, खिशाला कायम शाई. नातीची प्रयोगातली जोडीदारीण, घरात सगळे तिला बारकी म्हणत. दर शनिवारी नात स्वतःचा आणि तिचा अॅप्रन घरी आणायची, सोमवारी सकाळी कडक इस्त्री करून परत न्यायची.

"आजी," बारकी म्हणाली, "आज चार वाजता मला कॉलेजातून काढणार आहेत. तुम्हीच काहीतरी करा."

थोरल्यांकडे लोक कपड्यांबरोबर भानगडीही आणून टाकायचे. शिक्षण दुसरी पास, पण डाग बघून माणूस सांगायच्या. हॉटेलवाल्याचा स्वयंपाकी नोकरी सोडायच्या बेतात आहे, हे त्यांनी हॉटेलवाल्याच्या आधी ओळखलं होतं, त्याच्या रुमालांना दुसऱ्याच हॉटेलच्या मसाल्याचे डाग होते म्हणून.

"बस. पाणी पी. आणि रडू नकोस, मला ऐकू येत नाही."

बारकीनं सांगितलं. दोघी मिळून सहा बाटल्यांत पेशी वाढवत होत्या. एक औषध घालायचं आणि पेशी किती उरतात ते सूक्ष्मदर्शकातून मोजायचं, एक दिवस हिनं, एक दिवस तिनं. सहा आठवडे झाले. सोमवारी मॅडम स्वतः मोजणी करणार होत्या. सोमवारी सकाळी कपाट उघडलं तर साऱ्या पेशी मेलेल्या.

"मग तू कशी सापडलीस?"

"दार कार्डानं उघडतं, आजी, आणि कुणाच्या कार्डानं, कधी, याची नोंद होते. रविवारी दुपारी एक चाळीसला ते माझ्या कार्डानं उघडलं. पण मी घरी होते!"

"कोण सांगेल?"

"आई. पण आई लेकीची बाजू घेणारच, असं म्हणतात. नाही म्हटलं तर मी खोटारडी, हो म्हटलं तर बाहेर. कुठूनच वाट नाही."

"कार्ड कुठे होतं?"

"माझ्या अॅप्रनच्या खिशात. सोमवारी तिथेच सापडलं."

थोरल्यांची नजर फळीवरच्या पत्र्याच्या डब्यावर गेली आणि परत आली.

"आमची नात काय म्हणाली तुला?"

"काहीच नाही. कालपासून माझ्याकडे बघतसुद्धा नाही. तिचीही मेहनत गेली ना."

थोरल्या उठल्या. पिशवी खांद्याला लावली. "मधल्या, दुकान बंद कर. आपण कॉलेजात जातोय."

*

प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर होती. लॅबचे अटेंडंट, ज्यांना सगळे मामा म्हणत, त्यांनी गळ्यातलं कार्ड भिंतीवरच्या चौकोनाला टेकवलं. दार उघडलं, बारकीला बाहेर बसवून तिघं आत गेले आणि मागे खट्कन बंद झालं.

"असल्या फोटोच्या पुठ्ठ्यानं दार उघडतं होय?" मधला म्हणाला.

"उघडतं. आता गप्प बस," थोरल्या म्हणाल्या.

मधल्याला गुदमरल्यासारखं झालं. एकाही खिडकीला कडी नव्हती, सगळ्या काचा कायमच्या बसवलेल्या. बाहेर झाडं हलत होती आणि आत वाऱ्याचा पत्ता नव्हता.

"बाहेरचे जंतू यायला नकोत म्हणून," मामा म्हणाले. "पोरी आठ आठ तास बसतात. तुमची नात तर काचेला कपाळ लावून उभी असते कधी कधी. पहिल्या वर्षाला भारी बडबडी होती हो."

"दाखवा बाटल्या."

इन्क्युबेटर म्हणजे काचेच्या दाराचं उबदार कपाट. वरच्या फळीवर मॅडमच्या स्वतःच्या चपट्या बाटल्या होत्या, आत तांबडं पाणी. खालच्या सहा बाटल्यांत मात्र नळाचं वाटावं असं पाणी.

"ते तांबडं म्हणजे पेशींचं खाणं," मामा म्हणाले. "शिळं झालं की पिवळं पडतं, हवा बिघडली की जांभळं."

"आणि पांढरं?"

"पांढरं आपोआप होत नाही."

"नाहीच होणार. रंग पळवलाय कुणीतरी." थोरल्यांनी एका बाटलीचं झाकण सैल करून हातानं वास आपल्याकडे ओढला. "ब्लीच. कशाला ठेवता इथे?"

"काम संपलेल्या पेशी मारून टाकायला. हा कॅन. शनिवारी मीच गळ्यापर्यंत भरला, सोमवारी चार बोटं खाली. तोंड रुंद आहे, ओतताना उडतं. म्हणून आम्ही अॅप्रनशिवाय हात लावत नाही."

खुंटीवर दोन अॅप्रन होते.

"हे कुणाचे?"

"एक माझा, एक मॅडमचा. आमचे इथेच असतात. पोरींचे शनिवारी धुवायला जातात, तुमच्याचकडे की!"

"तुम्ही रविवारी कुठे होता?" मधल्यानं एकदम दरडावून विचारलं. त्याला वाटलं, चोर सापडला. दाराचं कार्ड यांच्या गळ्यात, ब्लीच यांचं!

"बहिणीच्या घरी. आणि मला यायचं असतं तर माझं कार्ड नसतं का दिसलं?" मामा हसले. "साहेब, ब्लीच ओतायचं तर मी उघड ओततो. माझी नोकरीच ती."

मॅडम आल्या त्या घाईतच. थोरल्यांकडे बघून मात्र आवाज मऊ केला. "आजी, तुमच्या नातीचं नुकसान झालंय याचं मला वाईट वाटतं. पण तुम्ही उगाच त्या मुलीची बाजू घेऊ नका. बघा ही वही."

त्यांनी नोंदवही उघडली. एका पानावर शाईची बोटं, तांबड्या पाण्याचे वाळलेले थेंब, खोडलेले आकडे. पुढचं पान स्वच्छ, अक्षर मोत्यासारखं. मग पुन्हा डागाळलेलं, पुन्हा स्वच्छ.

"एकीचं काम बघा आणि दुसरीचं बघा."

"स्वच्छ पानं कुणाची?"

"तुमच्या नातीची. घरचं वळण दिसतं."

मधल्याची छाती फुगली. थोरल्यांनी मात्र त्या स्वच्छ पानांवरून बोट फिरवलं, एक पान, दुसरं, चौथं. अक्षरं त्यांना जेमतेम लागायची, पण आकडे पक्के. सगळे आकडे एकाच निळ्या शाईत, एकाच तिरक्या हातानं.

"चार वाजता सगळ्यांना तुमच्या खोलीत बसवा," त्या म्हणाल्या. आवाज दुकानातला नव्हता. "आमच्या पोरीलाही."

जिन्यात मधला म्हणाला, "आई, बारकीनंच केलं असेल. पानं बघितलीस ना?"

"बघितली." थोरल्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. मधल्यानं आईला जिन्यात थांबलेलं कधी पाहिलं नव्हतं. "पिशवी धर जरा. नको, राहू दे. मीच धरते."

*

मॅडमच्या खोलीचीही खिडकी तशीच, न उघडणारी. बारकी खुर्चीच्या टोकावर. मामा दारात. नात कोपऱ्यात उभी, पाठ काचेला.

"बोला आजी," मॅडम म्हणाल्या. "पण चार वाजलेत."

"ज्यानं ब्लीच ओतलं त्याच्या अंगावर ते उडालं," थोरल्या म्हणाल्या. "मामा ओतते तर अॅप्रन घालून. मॅडम ओतत्या तर अॅप्रन घालून, दोघांचे इथेच खुंटीला. रविवारी अॅप्रन नव्हता तो फक्त या दोन पोरींना. मग या दोघींतली कोण?"

"कार्ड सांगतंय ना," मॅडम म्हणाल्या.

"कार्ड अॅप्रनच्या खिशात होतं, असं ही म्हणते. मग अॅप्रन रविवारी कुठे होता?" त्यांनी मुलाकडे पाहिलं. "सांग रे. एकशे बाराच्या खिशात शनिवारी काय निघालं?"

"पेन," मधला म्हणाला. "एक रुमाल. आणि... आणि फोटोचं कार्ड." तो आईकडे वळला. "डब्यात टाकलं मी. सोमवारी सकाळी परत खिशात घातलं. मला काय माहीत त्यानं दार उघडतं!"

"रविवारी दुकानाची किल्ली?"

"घरात. खिळ्याला."

"म्हणजे रविवारी दुपारी हिचं कार्ड माझ्या घरच्या माणसाशिवाय कुणाच्या हाताला लागणार नव्हतं. आपण सगळे जेवून झोपलो होतो, एक सोडून. एक लायब्ररीत गेली होती."

नातीनं काचेकडे तोंड फिरवलं.

"आता ती वही. मॅडम, तुम्ही स्वच्छता बघितलीत. मी चाळीस वर्षं कामाचे कपडे बघतेय. ज्याच्या हातून काम होतं त्याच्या वहीला, कपड्याला कामाचं काहीतरी लागतंच. या पोरीनं मोजलं, चुकली, खोडलं, पाणी सांडलं. दुसरीची पानं सगळी एका शाईनं, एका हातानं, घरी बसून लिहिलेली. मोजलंच नाही तर डाग पडणार कुठून? आणि मॅडम सोमवारी मोजणार म्हटल्यावर ते उघडं पडणार होतं."

त्यांनी पिशवीतून निळा शर्ट काढून टेबलावर पसरला. उजव्या बाहीवर मनगटापासून कोपरापर्यंत तांबूस ठिपक्यांची रांग होती.

"निळ्यावर ब्लीच पडलं की असं तांबडं फुटतं. हे कितीही धुतलं तरी जात नाही, हे माझ्या घरातल्या लेकराला कळायला हवं होतं. फेकून देता आला नाही, कारण नंबर आहे. घरात शर्टसुद्धा हरवायची सोय नाही ठेवली मी."

"सकाळपासून माहीत होतं तुला?" मधला पुटपुटला.

"बाही बघितली तेव्हाच शंका आली. बाकीचं इथे कळलं."

नातीचा आवाज आला तो काचेकडे तोंड करूनच. "पहिल्याच दिवशी तीनदा मोजलं, आजी. तिन्ही वेळा वेगळा आकडा. कुणाला तरी विचारायचं ठरवून घरी आले, तर तू दुकानात गिऱ्हाइकाला सांगत होतीस, ही बघा आमची डॉक्टर आली. मी डॉक्टर होणार नाहीये, हा वेगळा अभ्यास आहे, हे तीन वर्षं सांगतेय मी. कुणी ऐकतं? लोक मला रिपोर्ट आणून दाखवतात! मग पहिला आकडा मनानं लिहिला. दुसरा त्याच्याशी जुळवून लिहावा लागला. मग रोजच. मग बाहेर पडायला दारच उरलं नाही."

"तिचं कार्ड का घेतलंस?"

"माझं वापरलं असतं तर..."

"तर तू सापडली असतीस. म्हणून ती सापडली."

बारकी ओठ चावत खाली बघत होती. नातीनं वळून तिच्याकडे पाहिलं, दोन दिवसांत पहिल्यांदाच, आणि बघवेना म्हणून परत तोंड फिरवलं.

"आजी," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "तो शर्ट तुम्ही घरीच ठेवला असता तर कुणाला कळलंही नसतं."

"मला कळलं असतं. शिवाय या पोरीचा अॅप्रन मी दर सोमवारी कुठल्या तोंडानं दिला असता?"

थोरल्या उठल्या. नातीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. उंचीनं त्या तिच्या खांद्याला लागत होत्या, तरी मान नातीचीच खाली गेली.

"वर बघ. या पोरीची माफी तू मागायचीस, इथे, सगळ्यांदेखत. मॅडम देतील ती शिक्षा घ्यायची, वर्ष गेलं तर जाऊ दे. डॉक्टर नाहीस हे गल्लीला मी सांगते. माझ्या जिभेनं घातलेला गोंधळ आहे, माझीच जीभ निस्तरेल. आणि परत कुठे शिकायला बसवलं, तर पहिल्या दिवसापासून मोजायचं. जमलं नाही तर तिथे 'जमलं नाही' असं लिहायचं, आणि ते पान मला आणून दाखवायचं. त्यावर एकही डाग दिसला नाही ना, तर मात्र घरात घेणार नाही."