दोन कानांचा माईक

घोडेगावच्या फाट्यावर एसटीतून एक तरणाबांड गडी उतरला. हातातली पेटी अशी जपत होता, जसं आत तान्हं मूल निजलंय. मुक्ताला वाटलं, आला एकदाचा गुरांचा डॉक्टर!

"लवकर चला. म्हैस कालपासनं चारा खाईना."

"गाते का म्हैस?"

"म्हैस... गाते?"

"मी गाणी टिपायला आलोय. गोजरबाईंकडे जायचंय."

गोजरबाई म्हणजे मुक्ताचीच आई. गळ्यासाठी नावाजलेली, आणि जिभेसाठी त्याहून जास्त. हा कानिफनाथ मूळचा संगमनेरचा, मुंबईच्या स्टुडिओत कामाला. पेटीत होता जर्मनीचा जुना माईक. तसले देशात बोटावर मोजण्याइतके. त्यात त्याला जात्यावरच्या ओव्या भरायच्या होत्या.

माईकाच्या पोटात काचेचा दिवा. तो तापायला रोज अर्धा तास लागायचा. तेवढा वेळ त्याला नि मुक्ताला बोलायला मोकळा...

"एका माईकाला दोन कान कशाला वं?"

"जात्याच्या कुठल्या अंगाला कोण बसलंय, तेसुद्धा ऐकणाऱ्याला कळतं."

"मग मी कुठल्या अंगाला बसू?"

"डाव्या. काळीज तिकडंच असतं—"

"दिवा तापला का तूच तापलास रे?" आतून गोजरबाई कडाडली.

तिसरा दिवस शेवटचा. मुक्ता जात्याच्या डावीकडे, शेजारची झुंबरवहिनी उजवीकडे, वर माईक टांगलेला. कानिफनाथ बाहेर ओट्यावर, यंत्रापाशी, कानांना हेडफोन लावून.

"पावना चाललाय," गोजरबाई म्हणाली. "त्याचं नाव घाल ओवीत. भाऊ म्हनून."

रीतच ती. जातं फिरलं. मुक्तानं सूर धरला, "बंधू माझा गं..." आणि ओवी तिथंच सोडली. एकदा फितीवर भरलं की जन्माचा भाऊ! खुंटा थांबला. ती वहिनीकडे वाकून पुटपुटली, "वैनी, मी न्हाई भाऊ म्हननार त्यांना... मला भाऊ नकोत ते."

कानिफनाथ दारात उभा. कान लालबुंद.

"बिघडलं का काय?" गोजरबाईनं विचारलं.

"नाही मावशी... इतकं स्वच्छ कधी आलंच नव्हतं. डावीकडून."

मुक्तानं वर माईकाकडे पाहिलं. अगं बाई! पदरात तोंड लपवून ती म्हणाली, "पुसा ते!"

"नाही पुसायचो. मला पण... बहीण नकोय."

गोजरबाईनं एकदा लेकीकडं पाहिलं, एकदा त्याच्याकडं. जात्यात मूठभर दाणे वैरले.

"मग मला मावशी म्हनू नगंस," ती म्हणाली. "मावशीची लेक बहीणच लागते."