बांबूवरचं लाल लुगडं

हसा पोरांनो, खुशाल हसा. अविनाश माझा शेजारी. त्याच्या गच्चीवर मी स्वतः चढलोय, म्हणून सांगतो.

फौजेतून निवृत्त झाल्यावर नेपियर टाउनच्या घरात गड्याचा जीव रमेना. बरगी धरणावर त्याने शिडाची होडी ठेवली. बायकोला, वीणाला, घेऊन बेटाबेटांतून चार-चार दिवस हिंडायचा. बुडालेल्या डोंगरांचे माथे ते. कुठे दोन झोपड्या, कुठे तेवढ्याही नाहीत. फोन लागत नाही. अडलं-नडलं की तिथली माणसं बांबूला लाल लुगडं बांधतात. दिसलं की होडी वळवायची, हा पाण्यावरचा धर्म.

दसऱ्याच्या सुमारास एका बेटावर असंच लुगडं दिसलं. खाली एक म्हातारा हात जोडून उभा.

"अहो, बोलावून राहिला तो. वळवा ना," वीणा म्हणाली.

वारा झकास होता, आणि अविनाशला उजेड असेतो काठ गाठायचा होता. "कोई और आ जाएगा, भैया!" असं ओरडून त्याने सुकाणू फिरवलं.

कोणी आलं नाही. म्हाताऱ्याची सून, इंदू, बाळंतपणात अडली होती. दोन दिवस तडफडून गेली, पोटातल्या लेकरासकट. धक्क्यावर हे कळलं तेव्हा अविनाश म्हणतो कसा, "मला तर काही दिसलंच नाही!" वीणा दोन दिवस जेवली नाही. होडी विका, एवढंच म्हणाली.

गिऱ्हाईक पलीकडच्या काठावरचं. कार्तिकातली अमावस्या, गुरुवार. होडी पोचवायला तो एकटाच निघाला. रात्री पावणेआठला वारा पडला. त्याच बेटासमोर.

शीड लोंबलं. पाणी गप्प.

अंधारातून एक डोंगी, छोटी नाव, आली. वल्ह्याचा आवाज नाही... आत एक बाई. तोंडावर पदर.

"दीदी... ज़रा किनारे तक..." अविनाशने हाक मारली.

डोंगी थांबली.

मग ती बोलली. आवाज अविनाशचाच.

"कोई और आ जाएगा, भैया."

आणि गेली.

पहाटे कोळ्यांनी त्याला होडीसकट काठावर ओढून आणलं. घरी पोचला, तर वीणा न्हाणीघरात पडलेली. रात्रीच पाय घसरला होता. पहाटेपर्यंत जीव होता, असं डॉक्टर म्हणाले. समोरच्या ज्योतीला आठच्या सुमारास त्यांच्या गच्चीवर लाल कापड दिसलं होतं. वाळत घातलं असेल, असं वाटून ती आत गेली.

अरे, वीणाने काय केलं होतं? वळवा म्हणणारी तर तीच! मला अजून संताप येतो.

गच्चीचं कुलूप अविनाशने माझ्यासमोर उघडलं. किल्ली एकच, रात्रभर त्याच्या खिशात, पाण्यावर होती. दार ढकललं...

मधोमध बांबू उभा. वरचं लुगडं अजून ठिबकत होतं.